काट्यावर वजन तेच, तरी दंड सुकत चालले

आपला प्रश्न मी समजले तो असा. वडिलांचे वय ६३ आहे, मधुमेह अठरा वर्षांपासून आहे आणि गेले चौदा महिने आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू आहे. केंद्रात प्रत्येक वेळी नोंदले जाणारे वजन ५८ किलोच्या आसपास स्थिर आहे आणि क्रिएटिनिन (किडनीचे काम जोखण्यासाठी रक्तात मोजला जाणारा टाकाऊ घटक) ९ वरून ६ वर आल्यामुळे नातेवाईक समाधानी आहेत. मात्र सदरा खांद्यावरून उतरू लागला आहे, मांड्या बारीक झाल्या आहेत, खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो आणि ताटावर बसले की दोन घासांत ते ‘पुरे’ म्हणतात. किडनीचा आजार कळला तेव्हा डाळ आणि अंडी कमी करायला सांगितले होते, ते पथ्य घरात आजही कटाक्षाने पाळले जाते. दिवसभरात चहा-बिस्किटे, एखादी पोळी, दुधीची भाजी, रात्री थोडा भात आणि आमटीचे वरचे पाणी एवढेच पोटात जाते. ताकदीसाठी कोणती प्रोटीन पावडर द्यावी, असे आपण विचारले आहे.

पावडरीचे उत्तर मी शेवटी देते, कारण त्याआधीच्या गोष्टी जुळून आल्या नाहीत तर कोणतीही पावडर अंगी लागणार नाही. मी आहारतज्ज्ञ आहे, डॉक्टर नाही, आणि वडिलांचे रिपोर्ट माझ्यासमोर नाहीत. पोटॅशियम, फॉस्फरस, अल्ब्युमिन (रक्तातले मुख्य प्रथिन), बायकार्बोनेट (हे कमी म्हणजे रक्तात आम्लता जास्त) आणि दिवसाला होणारी लघवी हे कळल्याशिवाय कोणाचेही ताट नेमके ठरवता येत नाही. तेव्हा पुढील मजकूर त्यांच्या किडनीतज्ज्ञांशी बोलण्याची तयारी म्हणून वाचावा, ही विनंती.

सुरुवात वजनकाट्यापासून करू. डायलिसिसच्या रुग्णाचे वजन म्हणजे हाडे, स्नायू, चरबी आणि साठलेले पाणी यांची बेरीज असते. जास्तीचे पाणी काढून टाकल्यावर जे वजन राहावे अशी अपेक्षा असते त्याला ‘ड्राय वेट’ म्हणतात आणि मशीनवर किती पाणी काढायचे हे त्या आकड्यावरून ठरते. समजा, चार-सहा महिन्यांत दोन किलो स्नायू आणि चरबी झिजली, परंतु ड्राय वेटचा आकडा कागदावर तोच राहिला, तर प्रत्येक वेळी मशीन त्याच आकड्याला थांबते आणि झिजलेल्या दोन किलोंची जागा पाणी घेते. काटा ५८ दाखवतो आणि सर्वांना वाटते की वजन टिकून आहे. मी या कामात नवीन असताना अशाच एका रुग्णाचे वजन ‘स्थिर’ पाहून निर्धास्त राहिले होते. तीन आठवड्यांनी त्यांना रात्री आडवे पडले की धाप लागू लागली, तेव्हा डॉक्टरांनी ड्राय वेट जवळपास अडीच किलोंनी उतरवले आणि त्या वजनाखाली काय दडले होते ते दिसले. तेव्हापासून मी काटा पाहण्याआधी कानशिले, गळ्याजवळची हाडे, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग आणि मांडीचा पुढचा भाग पाहते.

हे जास्तीचे पाणी केवळ धाप लावत नाही. आतड्यांच्या भिंतींनाही सूज येते, पोट लवकर भरल्यासारखे वाटते आणि भूक आणखी मंदावते. रक्त पातळ झाल्यामुळे अल्ब्युमिनही प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारावा की, ड्राय वेट शेवटचे कधी तपासले होते. ते खाली आणले गेले तर काट्यावरचा आकडा उतरेल, आणि नेमके त्याच वेळी आपण खाणे वाढवत असाल तर घरात ‘एवढे खाऊनही वजन घटले’ अशी घबराट होईल. तो घटलेला भाग पाण्याचा असेल, हे आधीच सर्वांना सांगून ठेवलेले बरे.

क्रिएटिनिनबद्दलही थोडे कटू बोलावे लागेल. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते, त्यामुळे स्नायू जितके अधिक तितके ते अधिक. किडनी पुन्हा काम करू लागली किंवा डायलिसिसची मात्रा वाढली तर ते उतरते हे खरे आहे. परंतु यांपैकी काहीच घडलेले नसताना ते महिन्या-महिन्याने खाली येत असेल, तर बहुतेक वेळा ते तयार करणारे मांस कमी झालेले असते. युरियाचेही तसेच आहे: खाण्यात प्रथिने कमी झाली की युरिया आपोआप ‘चांगला’ दिसू लागतो. कोलेस्टेरॉल फार कमी झाले तर तेही डायलिसिसच्या रुग्णात अभिनंदनाचे कारण नसते. नातेवाईक ज्या रिपोर्टवर खूश आहेत, त्याच रिपोर्टवर मी तारीख घालून लाल खूण केली असती.

स्नायू झिजतात कसे, हे कळले तर पुढचे सारे सोपे होते. निरोगी माणूस चार दिवस उपाशी राहिला तर शरीर काटकसर करते, आधी चरबी जाळते आणि स्नायू शक्यतो राखते. दीर्घ आजारात ही काटकसर बिघडते. शरीरात सतत धुमसणारा दाह, रक्तातली आम्लता आणि इन्सुलिनला न जुमानणाऱ्या पेशी यांच्यामुळे स्नायूंतील प्रथिने मोडण्याचे काम खाणे-पिणे चालू असतानाही वेगाने होत राहते. पेशीत प्रथिनांवर युबिक्विटिन नावाचा छोटा रेणू चिकटतो आणि अशी खूण झालेली प्रथिने मोडीत निघतात. या यंत्रणेच्या शोधासाठी सिकानोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आम्लता वाढली की हीच यंत्रणा स्नायूंत जोर धरते. त्यामुळे बायकार्बोनेट २२ च्या खाली राहत असेल, तर ते सुधारणे हा स्नायू वाचवण्याचाच एक उपाय ठरतो. २००८ मध्ये किडनीविकारातील पोषणाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले, त्याचा अर्थ ‘प्रथिने आणि ऊर्जेची झीज’ असा होतो. ‘कुपोषण’ हा शब्द त्यांनी मुद्दाम टाळला, कारण कुपोषण केवळ खायला घालून भरून निघते आणि ही झीज केवळ खायला घालून थांबत नाही.

आता जुन्या पथ्याकडे वळते, कारण माझ्या अनुभवात सर्वाधिक नुकसान इथेच होते. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी प्रथिने कमी ठेवण्याचा सल्ला योग्य होता. मधुमेही रुग्णाला तेव्हा दर किलो वजनामागे दिवसाला ०.६ ते ०.८ ग्रॅम, म्हणजे ५८ किलोंना सुमारे ३५ ते ४६ ग्रॅम प्रथिने सांगितली जातात, जेणेकरून किडनीवरचा भार हलका राहावा. डायलिसिस सुरू झाल्यावर हिशेब उलटतो. एका सत्रात साधारण ६ ते ८ ग्रॅम अमिनो आम्ले, काही वेळा अधिकही, रक्तातून वाहून जातात, शिवाय त्या चार तासांत शरीर स्वतःचे स्नायू मोडून ती तूट भरू पाहते. म्हणून डायलिसिसवरील व्यक्तीसाठी शिफारस दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅमची आहे, म्हणजे वडिलांना ५८ ते ७० ग्रॅम. आपण लिहिलेल्या ताटाचा अंदाज घेतला तर तो वीस ग्रॅमच्या वर जात नाही. पथ्य सुरू करताना सांगणारे बरेच असतात, ते संपले असे सांगायला मात्र कोणाला आठवत नाही. यात घरच्यांचा दोष नाही.

प्रथिनांइतकीच ऊर्जाही महत्त्वाची आहे. दर किलोमागे २५ ते ३५ कॅलरी, म्हणजे साधारण १४५० ते २००० कॅलरी पोटात गेल्या नाहीत तर खाल्लेली प्रथिने स्नायू बांधण्याऐवजी सरपणासारखी जळून जातात. म्हणून भातावर आणि पोळीवर तूप, भाजीत थोडे अधिक तेल हे अशा रुग्णाला मी आवर्जून सांगते. चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम तुपातून ४५ कॅलरी मिळतात आणि पोटात जागा जवळजवळ लागत नाही. हृदयविकार असेल तर कोणते तेल-तूप किती, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

परंतु भूकच नसेल तर हे आकडे काय कामाचे, असे आपण म्हणाल. ते बरोबर आहे. भूक जाणे हा हट्ट नसून लक्षण आहे, आणि मी त्याचा माग ठरावीक क्रमाने काढते. आधी डायलिसिस पुरेसे होते आहे का ते पाहावे. सुरुवातीला लघवी बऱ्यापैकी होत असताना आठवड्यातून दोनदा भागते, परंतु वर्षभरात लघवी कमी होत गेली तर तेच दोनदा अपुरे पडते आणि न निघालेली विषद्रव्ये भूक मारतात, तोंडाला धातूसारखी चव आणतात. आपल्याकडे खर्च आणि प्रवास यांमुळे दोनदाच करणारे रुग्ण पुष्कळ आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे, त्यामुळे तिसऱ्या सत्राची चौकशी जरूर करावी.

त्यानंतर संसर्ग शोधावा. मानेत कॅथेटर, म्हणजे डायलिसिससाठी बसवलेली नळी, असेल तर तिथे दबलेला संसर्ग आठवडे-महिने भूक घालवू शकतो आणि ताप ठळक येतोच असे नाही. आपल्या देशात टीबीचाही विचार करावाच लागतो. डायलिसिसच्या रुग्णात तो अनेकदा खोकल्यावाचून, फुप्फुसाबाहेर, केवळ संध्याकाळची कणकण, घटते वजन आणि मेलेली भूक एवढ्याच रूपात येतो. तोंडही उघडून पाहावे. एका निवृत्त शिक्षकांच्या भुकेसाठी आम्ही दोन महिने औषधे बदलत होतो आणि शेवटी कारण निघाले सैल झालेली कवळी आणि तिच्याखाली पिकलेली हिरडी. चावताना दुखते हे सांगण्याचा त्यांना संकोच वाटत होता.

अठरा वर्षांच्या मधुमेहात अनेकदा जठर संथ रिकामे होते, म्हणून दुपारचे जेवण रात्रीपर्यंत छातीशी राहते आणि माणूस प्रामाणिकपणे ‘भूक नाही’ म्हणतो. अशांना मोठे ताट न वाढता पाच-सहा वेळा वाटी-वाटीने द्यावे. बद्धकोष्ठही तपासावे, कारण कमी पाणी, कमी भाज्या आणि फॉस्फरसच्या गोळ्या (अन्नातला फॉस्फरस पोटातच बांधून ठेवणाऱ्या) या तिन्हींमुळे ते होते. मन खचलेले असेल तर तेही सांगावे, नैराश्यावर उपचार आहेत. एक धोक्याची सूचना: किडनी निकामी झाल्यावर इन्सुलिन शरीरात अधिक काळ टिकते आणि त्यात खाणे घटले की साखर एकदम खाली जाऊ शकते. खाणे कमी होऊनही इन्सुलिनची मात्रा पूर्वीचीच असेल तर हे आजच डॉक्टरांना कळवावे.

आता ताटाबद्दल. पाण्याचे बंधन असल्यामुळे पातळ आमटी ही सर्वांत तोट्याची गोष्ट आहे, तिच्यात पाणी मोजले जाते आणि डाळ तळाशी राहते. त्याऐवजी एक वाटी घट्ट वरण द्यावे, त्यातून सहा-सात ग्रॅम प्रथिने मिळतात. अंड्याच्या एका पांढऱ्या भागात साधारण साडेतीन ग्रॅम उत्तम प्रतीचे प्रथिन असते आणि फॉस्फरस अगदी थोडा, कारण तो मुख्यतः पिवळ्या बलकात असतो. डायलिसिसच्या रुग्णासाठी याहून स्वस्त आणि सोयीची वस्तू मला अजून सापडलेली नाही. नुसता पांढरा भाग खाववत नसेल तर कांदा-कोथिंबीर घालून पोळा करावा किंवा धिरड्याच्या पिठात तो फेटून घालावा. सकाळी दोन अंड्यांचा पांढरा भाग आणि पोळी, दुपारी भाकरी, घट्ट वरण आणि अर्धी वाटी दही, चार वाजता पन्नास ग्रॅम पनीर, रात्री भात आणि पुन्हा दोन पांढरे भाग, असे जमले तर आकडा पन्नाशीजवळ जातो. अंड्याऐवजी बांगडा, सुरमई किंवा चिकन असेल त्या दिवशी तो साठच्या आसपास जातो. हे सारे एकदम वाढू नये. पहिल्या आठवड्यात एकच वस्तू वाढवावी आणि ती टिकली की पुढची.

पोटॅशियम जास्त येत असेल तर भाज्या आणि बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळावेत आणि ते पाणी ओतून द्यावे. नारळपाणी, सुका मेवा आणि ‘लो सोडियम’ मीठ मात्र घरात आणूच नये, कारण त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते. फॉस्फरसच्या भीतीने डाळ बंद करणे मला पटत नाही. डाळीतला बराचसा फॉस्फरस शरीर शोषून घेत नाही, उलट कोला, प्रक्रिया केलेले चीज आणि पाकीटबंद पदार्थांत घातलेला फॉस्फेट जवळजवळ सगळा शोषला जातो. फॉस्फरसची गोळी घेण्याची वेळही तपासावी. ती जेवणाच्या घासांबरोबरच काम करते, तरी अनेक घरांत ती ‘उपाशीपोटी सकाळची’ म्हणून दिली जात असल्याचे मी पाहिले आहे.

डायलिसिसचा दिवस हा वेगळा विषय आहे. पहाटे पाचला घर सोडायचे, एसटीने जायचे, चार तास मशीनवर, परत यायला दोन वाजणार आणि मग थकून झोप. म्हणजे आठवड्यातले दोन दिवस निम्मे जेवण बुडते, आणि तेही प्रथिने वाहून जाण्याच्याच दिवशी. मी रुग्णाला छोटा डबा न्यायला सांगते: दोन उकडलेल्या अंड्यांचे पांढरे भाग किंवा पनीर भरलेली पोळीची गुंडाळी. काहींचा रक्तदाब मशीनवर खाल्ल्याने उतरतो, अशांनी ते सुरू होण्यापूर्वी किंवा संपल्यावर लगेच खावे. काही केंद्रांत खायला मनाई असते. रक्तदाब टिकत असेल तर डॉक्टरांशी बोलून ती शिथिल करून घेता येते.

उपवासांचाही उल्लेख करते, कारण श्रावण आला की माझ्याकडचे निम्मे रुग्ण अंडी आणि मासे सोडतात. श्रद्धेबद्दल मी कधीही वाद घालत नाही. परंतु अंडी सोडली तर त्यांच्या जागी पनीर, दही आणि घट्ट वरण यांचे माप त्याच दिवशी वाढले पाहिजे. एकादशीची साबुदाण्याची खिचडी मात्र या आजारात नको. साबुदाण्यात प्रथिन नाममात्र आहे, आणि बटाटा आणि दाणे पोटॅशियम-फॉस्फरस आणतात.

भूक वाढवणाऱ्या औषधांबद्दल सावध राहावे. सायप्रोहेप्टाडिन असलेली सिरपे आपल्याकडे टॉनिक म्हणून सर्रास दिली जातात. वयस्कर माणसाला त्यांनी गुंगी येते, तोंड कोरडे पडते आणि कधी गोंधळल्यासारखे होते, आणि कोरड्या तोंडाने तहान वाढली की पाण्याचे बंधन पाळणे कठीण होते. स्टिरॉइडने भूक लागते पण स्नायू उलट झिजतात. मेजेस्ट्रॉलने वाढणारे वजन बहुधा चरबीचे आणि पाण्याचे असते, शिवाय रक्ताच्या गुठळ्यांची भीती असते.

आणि आता पावडर. वर लिहिलेले ताट जमल्यावरही दहा-पंधरा ग्रॅमची तूट उरली तर ती पावडरीने भरण्यास हरकत नाही, मात्र ती डायलिसिसच्या रुग्णांसाठी बनवलेली असावी आणि डब्यावरचे पोटॅशियम-फॉस्फरसचे आकडे आहारतज्ज्ञाला दाखवून घ्यावी. व्यायामशाळेतली पावडर आणू नये, काहींत क्रिएटिन मिसळलेले असते. चॉकलेटी चवीच्या माल्टच्या पावडरींत प्रथिन थोडे आणि साखर पुष्कळ असते, मधुमेह्याला त्यांचा काय उपयोग?

शेवटचा भाग हालचालीचा. स्नायूला काम मिळाले नाही तर खाल्लेले प्रथिन त्याच्याकडे वळत नाही. छातीत दुखणे किंवा तळपायाला जखम नसेल आणि डॉक्टरांची संमती असेल, तर डायलिसिस नसलेल्या दिवशी भिंतीला टेकवलेल्या मजबूत खुर्चीतून उठणे-बसणे करवून घ्यावे, सुरुवातीला हाताच्या आधाराने, दिवसातून दोनदा पाच-पाच वेळा, शेजारी कोणीतरी उभे राहून. हात छातीशी घेऊन पाच वेळा उठायला आज किती सेकंद लागतात ते लिहून ठेवावे. स्नायूंची झीज ओळखण्याच्या आशियाई निकषांनुसार बारा सेकंद किंवा अधिक लागणे हे दुर्बलतेचे लक्षण मानतात. पोटरीचा घेर डायलिसिस झाल्यावर, सूज कमी असताना, मोजावा. पुरुषांत तो ३४ सेंटिमीटरच्या खाली असणे चिंतेचे आहे. हे दोन आकडे आपल्याला काट्यापेक्षा खरे सांगतील, पण सहा ते आठ आठवड्यांच्या आत त्यांच्याकडून फरकाची अपेक्षा ठेवू नये.

पुढच्या भेटीला जाताना तीन दिवसांच्या खाण्याची नोंद बरोबर न्यावी, त्यांतला एक दिवस डायलिसिसचा असावा, आणि जे ताटात वाढले ते न लिहिता जे प्रत्यक्ष पोटात गेले ते लिहावे. नोंद शक्यतो वडिलांना न दाखवता करावी. दाखवली की ते आपल्याला बरे वाटावे म्हणून त्या तीन दिवसांत दोन घास जास्त खातात, आणि माझ्यासमोर येणारा कागद मग चुकीचा असतो.